ग्रॅमसाहेबांचं पहिलं गाजर

माणसाने अन्न विस्तवावर शिजवायला घेतलं आणि त्या दिवसापासून तो जनावरांपेक्षा वेगळा झाला, असं विद्वान सांगतात. शेती, कायदा, संगीत, सरकारी नोकरी हा संस्कृतीचा सगळा डोलारा त्या पहिल्या चुलीवर उभा आहे. हे खरं असेल तर ग्रॅमसाहेबांना त्या डोलाऱ्यावरून खाली उतरून पुन्हा कच्चं खाण्यापर्यंत पोचायला बरोबर बारा आठवडे लागले, आणि त्यासाठी दवाखान्याची लेखी परवानगी काढावी लागली.

परवानगी काकडीची होती. सोललेली, बिया काढलेली, दोन चमचे.

ग्रॅमसाहेब वजनमाप खात्यात तपासनीस होते. दुकानातले तराजू, मंडईतले काटे, कारखान्यातले वजनकाटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर नापास करायचे, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. एका ग्रॅमचीही सूट ते कुणाला देत नसत, म्हणून बाजाराने त्यांचं नाव ग्रॅमसाहेब ठेवलं. एकशे चौतीस किलोच्या माणसाला हे नाव ठेवण्यातली गंमत बाजारात सगळ्यांना कळत होती. साहेबांना मात्र तो आपल्या काटेकोरपणाचा गौरव वाटायचा.

आता ते एकशे दोन किलो होते. डॉक्टरांनी दुर्बिणीतून त्यांच्या जठराचा मोठा भाग काढून टाकला होता आणि उरलेला भाग केळ्याएवढा ठेवला होता. पहिले दोन आठवडे पाणी, मग पातळ, मग गुळगुळीत, मग मऊ अशा इयत्ता चढत साहेब बाराव्या आठवड्यात आले होते. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता फ्रीजवर चार चुंबकांनी लावला होता. कच्च्या भाज्या सुरू. एका वेळी एकच नवा पदार्थ. दोन दिवस त्रास झाला नाही तर पुढचा. प्रत्येक घास तीस वेळा चावणे. जेवताना पाणी नाही.

"आणि शरीराचं ऐका," बाई म्हणाल्या होत्या. बाई सडपातळ होत्या आणि बोलता बोलता सफरचंद खात होत्या, तेही सालासकट.

"गेली पन्नास वर्षं शरीराचंच ऐकत आलो," साहेब म्हणाले, "म्हणून तर इथे आलो."

ऑपरेशन का केलं, असं कुणी विचारलं की साहेब गुडघ्यांकडे बोट दाखवायचे. गुडघ्यांचा काही दोष नव्हता. खरं कारण मालधक्क्याशेजारच्या लॉरीच्या वजनकाट्यावर घडलं होतं आणि ते साहेबांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त सर्जनला, आणि तेही अर्जात 'कारण' असा रकाना होता म्हणून.

घरात दोनच माणसं. बायको पियानो शिकवायची. बाहेरच्या खोलीत पियानो, आतल्या खोलीत जेवणाचं टेबल, मध्ये पडदा. बारा आठवड्यांत त्या घरातून कुरकुरीत म्हणावं असं सगळं हद्दपार झालं होतं. नवऱ्यासमोर कडक काही खायचं नाही, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मग ती टोस्ट खायला गच्चीत जायची आणि खाली येऊन म्हणायची, कपडे वाळलेत का बघून आले. त्या तीन महिन्यांत त्यांचे कपडे फार लवकर वाळत होते.

पण घरातली खरी अडचण टोस्टची नव्हती. ती ताईची होती.

ताई म्हणजे साहेबांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा साहेब नऊ वर्षांचे आणि ताई सतरा. त्या दिवसापासून ताईने धाकट्या भावाला भरवण्याचं काम हाती घेतलं आणि ते कुणाकडे सोपवायला ती कधीच तयार झाली नाही. पुढे ती बटणांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण झाली, दोनशे माणसांना रोज दुपारी जेवू घालू लागली, पण तिच्या लेखी ती जोडनोकरी होती. भाऊ ताटावरून उठला की ती आधी ताट बघायची, मग भाऊ.

दोघांचं जमायचं कसं, हे कोडंच होतं. साहेबांचं आयुष्य ग्रॅममध्ये आणि ताईचं अंदाजात. तिच्या कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात वजनकाटा होता, पण तो दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलेला असायचा. "मीठ किती?" असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "लागेल तेवढं." साहेबांनी एकदा भीतभीत विचारलं होतं, की पण लागेल तेवढं म्हणजे किती? तेव्हा ताई म्हणाली होती, "आपल्या आईने तुला किती प्रेमाने वाढवायचं ते वजन करून ठरवलं नव्हतं." 

ऑपरेशनचं तिला नंतर कळलं. दवाखान्यात आली, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, आणि भावाला एवढंच म्हणाली, "एक्केचाळीस वर्षं मी भरलं, ते तू एका सकाळी काढून टाकलंस." मग ती गेली. त्यानंतर ती भावाशी बोललेली नव्हती. बोलायची ती वहिनीशी, फोनवर. साहेब शेजारीच बसलेले असायचे.

"त्याला विचार, जिवंत आहे का."

"ताई, तो इथेच आहे. ऐकतोय."

"ऐकू दे. तू विचार तरी."

"ताई विचारतायत, जिवंत आहेस का?"

"सांग, आहे म्हणावं," साहेब म्हणायचे.

"आहे म्हणतोय, ताई."

"ऐकू आलं मला," ताई म्हणायची.

काकडीच्या परवानगीचा कागद आला त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. येत्या शनिवारी ती निवृत्त होणार होती. कारखान्याने कॅन्टीनमध्ये जेवण ठेवलं होतं, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू न देता ते जेवण तीच करणार होती.

"त्याला सांग, शनिवारी माझं शेवटचं जेवण आहे."

"अहो ताई, शेवटचं काय म्हणता! निवृत्तीचं म्हणा."

"दोनशे पानांचं शेवटचंच. त्याला सांग, यायचं तर जेवायला यायचं. नुसतं बघायला यायचं नाही. माझ्या टेबलावरून उपाशी उठायचं असेल तर त्याने घरीच बसावं. पुढेही घरीच बसावं."

फोन बंद झाला. साहेब फ्रीजवरच्या तक्त्याकडे बघत होते. बायकोने विचारलं, "काय बघतोयस?"

"ताईच्या जेवणातलं मला काय चालतं ते."

काहीच चालत नव्हतं. साय घातलेलं घट्ट सूप, लोण्यात परतलेले बटाटे, खरपूस तळलेलं मांस, शेवटी गोड. एकेक पदार्थ असा, की केळ्याएवढ्या पोटाने तो दारातूनच परत पाठवावा. बायकोने नणंदेला फोन करून तक्ता वाचून दाखवला. कच्च्या भाज्यांपाशी ती आली तसा पलीकडून मोठा श्वास ऐकू आला.

"कच्चं? माझ्या स्वयंपाकघरातून एकतीस वर्षांत कच्चं काही बाहेर गेलं नाही. माणसं जेवायला येतात माझ्याकडे, चरायला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. या वेळी आवाज जरा खालचा.

"त्याला सांग, गाजर ठेवते."

"ताई!"

"पण मीच चिरणार. माझ्या हातचं आहे, हे त्याला कळलं पाहिजे. आणि संपवलं पाहिजे."

बायकोने फोन ठेवला आणि म्हणाली, "तह झाला. गाजरावर."

साहेब उठून तक्त्यापाशी गेले. तक्त्यात गाजर काकडी आणि टोमॅटोच्या नंतर होतं, आणि तेही आधी किसलेलं. चकत्या त्याच्यापुढच्या आठवड्यात. म्हणजे शनिवारपर्यंत काकडी, टोमॅटो, किसलेलं गाजर अशा तिन्ही परीक्षा एकही नापास न होता द्यायला हव्या होत्या. सव्वीस वर्षं परीक्षा घेतलेल्या माणसावर ही वेळ आली होती.

त्यांनी आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. पलीकडून कडक, रसदार आवाज येत होता. बाई पेरू खात असाव्यात.

"चकती खरं तर पुढच्या आठवड्यात. पण बाकीचं पचलं तर शनिवारी दोन-तीन चकत्या चालतील. पातळ हव्यात, बरं का. तीस वेळा चावा. घाई करू नका. आणि घास तोंडात असताना बोलू नका. बोलायला गेलं की माणूस अर्धवट गिळतो."

"मी जेवताना बोलत नाही," साहेब म्हणाले.

"नाही," बायको मागून म्हणाली, "आधी फुरसत नसायची."

चाचण्या सुरू झाल्या. साहेबांनी खात्याच्या पद्धतीने फॉर्म तयार केला. पदार्थ, वजन, चावण्याची संख्या, निकाल, शेरा. घरातला छोटा काटा त्यांनी आधी मखमली डब्यातल्या प्रमाणित वजनांनी तपासला. तो पास झाल्यावर त्यावर वीस ग्रॅम काकडी ठेवली. मग ती एका ताटलीत मांडून ते टेबलाशी बसले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

अडचण मोजण्याची निघाली. पंधरापर्यंत ठीक होतं, पण पुढे तोंडातली काकडी संपायची आणि साहेब नुसताच जबडा हलवत राहायचे, किंवा मोजता मोजता त्यांना ऑफिसातलं काही आठवायचं आणि अंक निसटायचा. बायकोने ते दोन मिनिटं बघितलं. मग पडद्याआडून तिने ताल मोजायचा लाकडी मेट्रोनोम आणला आणि मीठदाणीशेजारी ठेवला. त्याचा दांडा मोकळा सोडला तसा तो डावी-उजवीकडे डुलायला लागला. टक, टक, टक.

"एका ठोक्याला एकदा चाव," ती म्हणाली. "मिनिटाला साठ ठोके. म्हणजे अर्ध्या मिनिटाने गिळायचं. मोजायचं कामच नाही."

साहेबांनी काकडी चावायला घेतली. पहिल्या चाव्याला जो आवाज झाला, तो त्या घरात तीन महिन्यांत झाला नव्हता. दोघंही क्षणभर थबकले. फक्त मेट्रोनोम चालत राहिला.

"लय घसरतेय," बायको म्हणाली. "पुढे पळतोयस."

"काकडी पळते."

"सगळे विद्यार्थी हेच म्हणतात."

काकडी पास झाली. टोमॅटो पास झाला. शुक्रवारी किसलेलं गाजर पास झालं, पण शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, 'उमेदवार सुमार. आवाज नाही.' गाजराचा किस म्हणजे गाजराची नुसती बातमी, असं त्यांचं मत पडलं. पण त्या संध्याकाळी बायकोने गच्चीत न जाता टेबलाशी बसूनच टोस्ट खाल्ला.

शनिवारी निघताना तिने त्यांचे खिसे तपासले. एका खिशात छोटा काटा होता, दुसऱ्यात जाडी मोजायचा चिमटा.

"हे काय आहे?"

"चकत्या पातळ हव्यात. जाडी बघावी लागेल."

"ताईंच्या टेबलावर ताईंचं गाजर तोलणार आहेस? मग जेवूच नकोस. डोक्यात थेट कढई बसेल."

काटा घरी राहिला. मेट्रोनोमही घरीच राहिला, कारण तो कोटाखाली लपत नव्हता.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लांबच लांब टेबलं होती. बटणं पाडणारी यंत्रं भिंतीपलीकडे चालूच होती. शनिवारची पाळी अर्धी होती, तेवढी माणसं काम उरकून येत होती, हात धुऊन बसत होती. भिंतीवर रंगीत कागदाची माळ लावली होती. ताईने नवा पांढरा एप्रन बांधला होता. ती वाढायला कुणाला जाऊ देत नव्हती आणि वाढणाऱ्यांना ढकलत स्वतःच पळी घेऊन फिरत होती.

भावाला दारात बघून ती थांबली. बत्तीस किलो कमी झालेला भाऊ तिने पहिल्यांदाच बघितला. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, ताट बघावं तसं. मग वहिनीला म्हणाली, "त्याला सांग, कोट मोठा होतोय."

"कोट मोठा होतोय," बायको म्हणाली.

"कळलं," साहेब म्हणाले.

"बसव त्याला तिथे. मधल्या टेबलावर."

मधल्या टेबलावर म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. फोरमन, पॅकिंगवाल्या बाया, हिशेबनीस, सगळे आपापल्या सुपात पाव बुडवता बुडवता या टेबलाकडे बघत होते. ताईच्या भावाबद्दल प्रत्येकाने तीन महिने ऐकलं होतं. पॅकिंगवाली एक बाई दुसरीला म्हणाली, "पोट शिवलंय म्हणे."

"शिवलंय नाही, काढलंय."

"अख्खं?"

"मग जेवण जातं कुठे?"

हा प्रश्न त्या टेबलावर बराच वेळ चर्चेत राहिला.

ताई एक पांढरी बशी घेऊन आली आणि तिने ती साहेबांसमोर ठेवली. बशीत गाजराच्या चकत्या होत्या. एकावर एक अर्धवट सरकवून गोलात मांडलेल्या. साहेब बघत राहिले. दोन मिलिमीटर. प्रत्येक चकती दोन मिलिमीटर. वरची, खालची, कडेची. एकही जाड नाही, एकही तिरकी नाही. डोळ्याने अर्धा मिलिमीटर पकडणाऱ्या माणसाला त्या बशीत खोट काढता येईना. आयुष्यभर अंदाजाने जगलेल्या बाईने धाकट्या भावाच्या केळ्याएवढ्या पोटासाठी एवढं काटेकोर काम केलं होतं.  

"त्याला सांग," ताई म्हणाली, "पहाटे पाचला उठून चिरलंय."

साहेबांनी चकती उचलली आणि तोंडात ठेवली. कुर्रर्र. पॅकिंगच्या टेबलापर्यंत आवाज गेला. मेट्रोनोम नव्हता, पण भिंतीपलीकडचं बटणांचं यंत्र ठोके देत होतं. मिनिटाला साठ नसतील, पण बरे होते. साहेबांनी त्या तालावर चावायला सुरुवात केली. पाच. सहा. गोड होतं. सात. आठ. खरोखरीच गोड होतं.

ताई समोरची खुर्ची ओढून बसली. एप्रनला हात पुसले. आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा, वहिनीला मध्ये न घेता, थेट म्हणाली, "पिल्लू."

साहेब दहाव्या चाव्यावर होते.

"एकच विचारते. माझ्या हातच्या जेवणाने तुझं काय वाईट केलं?"

अकरा. बारा. आहारतज्ज्ञ बाईंचा आवाज साहेबांच्या कानात होता. घास तोंडात असताना बोलू नका. तेरा. ताई बघत होती. सगळं कॅन्टीन चमचे खाली ठेवून बघत होतं. चौदा.

"बोलणारही नाहीस?" ताई म्हणाली. ती खुर्ची मागे सारायला लागली.

पंधराव्या चाव्याला साहेबांनी गिळलं.

"जेवणाने नाही गं, ताई," ते म्हणाले. "मी काट्यावरून उतरायचं विसरलो."

"कसल्या काट्यावरून?"

आणि मग त्यांनी सांगितलं. मालधक्क्याजवळचा लॉरीचा वजनकाटा, वार्षिक तपासणी. हमालांनी दोन टनांची प्रमाणित वजनं काट्यावर मांडली. साहेब मधोमध उभे राहिले आणि केबिनमधल्या कारकुनाला ओरडून म्हणाले, वाचा. कारकून ओरडला, दोन टन एकशे चाळीस किलो. साहेबांनी वजनं कोपऱ्यात सरकवायला लावली आणि स्वतः देखरेखीला तिथेच उभे राहिले. दोन टन एकशे चाळीस. दुसऱ्या कोपऱ्यात. दोन टन एकशे चाळीस. साहेबांना बरं वाटलं, की चूक आहे पण एकसारखी आहे. त्यांनी फॉर्म भरला, नापास लिहिलं, सही केली, आणि काटेवाल्याला प्रामाणिकपणावर चार शब्द सुनावले.

"तेव्हा एक म्हातारा हमाल म्हणाला, साहेब, तुम्ही जरा खाली उतरून बघता का?"

ताईने खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

"मग?" ताईने विचारलं.

"मग मी उतरलो. दोन टन बरोबर. काटा पास झाला." साहेबांनी कपाळ पुसलं. "सव्वीस वर्षांत मी कधी चुकीचा काटा सोडला नाही, ताई, आणि बरोबर काट्याला कधी उगाच धरलंही नव्हतं. त्यातून मी तेव्हा एकशे चौतीसच होतो. सहा किलो त्याने जास्त दाखवले."

"तो काटा वीस-वीस किलोच्या टप्प्याने दाखवतो," फोरमन पलीकडून म्हणाला.

"ते मलाही माहीत आहे," साहेब म्हणाले.

बायको त्यांच्याकडे बघत होती. "आणि गुडघे?"

"गुडघे ठीक आहेत."

सुरुवात ताईने केली. आधी तिचे खांदे हलले. मग तिने एप्रन तोंडाला लावला. मग एप्रनमधून जो आवाज आला तो ऐकून पॅकिंगचं टेबल सुटलं, आणि मग सगळं कॅन्टीन. ताई टेबलावर हात आपटत होती आणि एप्रनच्या टोकाने डोळे टिपत होती. "उतरलाच नाही! नापास लिहून सही केली, पण उतरला नाही!"

साहेबही हसायला गेले. आणि तेव्हाच त्यांना कळलं की पंधरा वेळा चावलेलं गाजर आणि तीस वेळा चावलेलं गाजर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. छातीच्या मधोमध, बरोबर बटणाच्या मागे, कुणीतरी मूठ आवळून ठेवल्यासारखं झालं. नाक वाहायला लागलं. एक उचकी लागली, मग दुसरी. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

ताईने हसणं थांबवलं. तिने भावाचं ते लाल तोंड, ती उचकी, ते वाहणारे डोळे बघितले.

"अरे पिल्लू," ती म्हणाली. "रडतोस काय असा?"

साहेबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मान हलवली. ती मान 'नाही' म्हणायला हलली होती, पण ताईने ती आपल्या सोयीने घेतली. ती उठून टेबलाला वळसा घालून आली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली आणि सगळ्या कॅन्टीनला म्हणाली, "नऊ वर्षांचा होता तेव्हाही असाच. मनात ठेवायचं, ठेवायचं, आणि मग एकदम."

पॅकिंगच्या दोन बायांनी डोळे पुसले. फोरमनने सुपात बघितलं.

बायकोला सगळं कळलं होतं. ती साहेबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "सरळ बस. श्वास घे. गिळू नकोस." आणि टेबलाच्या कडेवर बोटाने हळूहळू ठोके द्यायला लागली. टक. टक. टक. ताईचा हात पाठीवर, बायकोचं बोट टेबलावर. चाळिसाव्या ठोक्याला मूठ जराशी सैल झाली. साठाव्याला गाजर आपल्या वाटेने खाली गेलं.

"जातंय," साहेब म्हणाले.

"जाऊ दे, मनातलं सगळं जाऊ दे," ताई म्हणाली. मग तिने बशी त्यांच्याकडे सरकवली. "आता अजून एक खा."

साहेबांनी अजून एक खाल्ली. तीस वेळा चावून. ती पूर्ण होईपर्यंत ताई एक शब्द बोलली नाही. त्यांच्या जबड्याकडे बघत ती मनातल्या मनात मोजत होती, हे तिच्या ओठांवरून कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती काहीतरी मोजत होती. तीस झाल्यावर तिने आपणहून मान हलवली.

"झालं?"

"झालं."

"दोनच?"

"दोनच, ताई. भरलो."

तिने बशीकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि उरलेल्या चकत्या स्वतः खाल्ल्या. "उद्यापासून मी मोकळीच आहे," तोंडात गाजर असताना ती म्हणाली. "रोज सकाळी येते आणि तुला चिरून देते. हे माप तुझ्या बायकोला नाही जमायचं. तिने पियानो वाजवावा."

"चालेल, ताई," बायको म्हणाली. तिला यातलं किती चालणार होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण आजचा दिवस तो बोलायचा नव्हता.

जेवणं झाली, एक भाषण झालं, ताईला एक घड्याळ मिळालं. माणसं तिच्याभोवती जमली. साहेबांना तोंड धुवायचं होतं, म्हणून ते बशी हातात घेऊन आत स्वयंपाकघरात गेले. तिथे कुणी नव्हतं. मोठी पातेली उपडी घातलेली, ओटा पुसलेला, आणि दाराला अजूनही तो वजनकाटा लावलेला. साहेबांनी बशी मोरीत ठेवली, तोंडावर पाणी मारलं, आणि हात पुसलेला कागद टाकायला कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

सगळ्यात वर एक रिकामी पारदर्शक पिशवी होती. साहेबांनी ती दोन बोटांनी उचलली आणि सवयीने लेबल वाचलं.

बाहेरून ताईची हाक आली. "पिल्लू! कुठे गेलास?"

"आलो," साहेब म्हणाले. त्यांनी पिशवी डब्यात परत टाकली, त्यावर कागद टाकला आणि झाकण लावलं.

लेबलवर लिहिलं होतं: गाजराच्या चकत्या, यंत्राने कापलेल्या, जाडी दोन मिलिमीटर, धुतलेल्या, थेट खाण्यासाठी, निव्वळ वजन अडीचशे ग्रॅम.